साठ ब्रॅकेटचं कोटेशन

व्यवसाय प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात उद्योजकतेचा तास सहसा शेवटच्या सत्रात येतो, आणि तोही वर्गखोलीत. फळ्यावर उद्योजकाचे गुण लिहिले जातात: धाडस, चिकाटी, नेतृत्व. मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, पास होतात. त्याच मुलांच्या हातात ड्रॉइंग देऊन "याचे साठ नग करून हवेत, किती घ्याल?" असं विचारलं, की बहुतेक जण कच्च्या मालाची रक्कम दुप्पट करून सांगतात. दुप्पटच का, याला उत्तर नसतं.

वेल्डर, फिटर, टर्नर या शाखांच्या मुलामुलींसोबत आम्ही हा विषय वर्कशॉपमध्ये घेतो. एका सत्रात एकच चक्र पूर्ण करायचं: खरं गिऱ्हाईक शोधायचं, दर द्यायचा, माल बनवायचा, पोचवायचा, पैसे वसूल करायचे आणि वही मिटवायची. जाडजूड व्यवसाय आराखडा लिहिण्याचा भाग असलाच तर तो अगदी शेवटी येतो, कारण तोवर त्यात भरायला खरे आकडे हाताशी आलेले असतात.

काम कुठून आणायचं

"धंद्याची कल्पना सांगा" असं म्हटलं की वेल्डिंग शिकणारा मुलगा मोबाइल ॲप सुचवतो. हातातलं कसब बाजूला पडतं. म्हणून कल्पना मागायच्या नाहीत, तक्रारी गोळा करायच्या. दोघादोघांच्या जोड्या करून त्यांना छोटे कारखाने, गोदामं, दवाखाने, शाळा, वसतिगृहं अशा ठिकाणी पाठवायचं. सोबत वही. "आम्ही असं काही बनवलं तर घ्याल का?" हा प्रश्न विचारायला सक्त मनाई. विद्यार्थ्याचं मन राखायला समोरचा माणूस हो म्हणतोच, आणि त्या होकारावर माल खपत नाही.

विचारायचं ते घडून गेलेल्याबद्दल. शेवटचं काय मोडलं किंवा अडलं? तेव्हा कोणाला बोलावलं? काम व्हायला किती दिवस लागले, तोवर कसं भागवलं? पैसे किती दिले, आणि दिलेल्या कामात काय खटकलं? वहीच्या डाव्या पानावर समोरच्याचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर आपला अंदाज. हे दोन वेगळे ठेवायला मुलांना जड जातं. "कपाटाच्या फळ्या वाकतात" हे गिऱ्हाइकाचं बोलणं. "त्यांना नवीन कपाट हवंय" हे आपलं. कदाचित त्यांना नुसते दोन आधार हवे असतील.

जमलेल्या तक्रारींतून पहिलं काम निवडताना आमचे निकष ठरलेले आहेत. वर्कशॉपमधल्या मशीनवर होईल आणि बाहेरची प्रक्रिया फार तर एक लागेल असं. माल प्रमाणित आकारात सहज मिळेल असं. व्हर्नियर, काटकोन्या आणि गेज एवढ्यावर तपासता येईल असं. जीव जाऊ शकेल असं काही घ्यायचं नाही: वजन उचलण्याचे हूक, दाबाच्या टाक्या, शिड्या, ब्रेकचे भाग, लहान मुलांच्या वापरातल्या वस्तू बाद. नग चाळीस ते शंभरच्या दरम्यान. त्याहून कमी असले तर सेटिंग आणि बॅचचं गणित कळत नाही. जास्त झाले तर शिकणं संपतं आणि नुसती हमाली उरते. गिऱ्हाईक निदान मालापुरती आगाऊ रक्कम द्यायला तयार हवं. हा शेवटचा निकष मुलांना उद्धट वाटतो. पण जो मालाचे पैसे आगाऊ द्यायला काचकूच करतो, तो पूर्ण बिल देताना काय करेल, याचा अंदाज तिथेच येतो.

दर काढणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा

एक काम उदाहरणाला घेऊ. भिंतीवर लावायचे काटकोनी ब्रॅकेट, साठ नग. ४० × ५ मिमी माइल्ड स्टीलची पट्टी, सपाट लांबी २५० मिमी, एक बाक, आतल्या कोपऱ्यात एक गसेट (आधाराचा त्रिकोणी तुकडा), चार भोकं, वर पावडर कोटिंग.

सपाट लांबीपासूनच घोळ सुरू होतो. ड्रॉइंगवर दोन्ही पायांची मापं बाहेरून दिलेली असतात. त्यांची नुसती बेरीज करून पट्टी कापली तर ती साधारण ९ मिमी लांब जाते, कारण ५ मिमी जाडी आणि ५ मिमी आतली त्रिज्या असताना काटकोनी बाकाला जवळपास तेवढी वजावट लागते. एक पट्टी वाकवून मोजायची, मग बाकीच्या कापायच्या.

आता माल. स्टीलची घनता ७.८५, म्हणजे ४० × ५ ची पट्टी मीटरला १.५७ किलो. विद्यार्थी हिशेब करतो: ०.२५ मीटर गुणिले १.५७ गुणिले ६०, म्हणजे २३.५५ किलो. गणित बरोबर, खरेदी चूक. पट्टी मिळते ६ मीटरची. करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३ मिमी खातं धरलं तर एका नगाला २५३ मिमी लागतात, म्हणजे एका पट्टीत २३ नग बसतात आणि १८१ मिमीचा तुकडा उरतो. साठ नगांना तीन पट्ट्या घ्याव्या लागतात, म्हणजे २८.२६ किलो. लिहिलेल्यापेक्षा बरोबर २० टक्के जास्त. नफ्याचे म्हणून धरलेले पैसे इथे पहिल्याच ओळीत गेलेले असतात.

हुशार जोडी लगेच म्हणते, तिसऱ्या पट्टीतून १४ नग कापल्यावर २४५८ मिमी उरतात, गसेट त्यातूनच काढू. ४० × ४० चा चौकोन तिरका कापला की दोन गसेट. साठांना तीस चौकोन, कापासकट १२९० मिमी. बसतं! अशा वेळी त्यांना थोडा आनंद होऊ द्यावा, आणि मग रिजेक्शन, म्हणजे किती नग बाद होतील ते, विचारावं.

कापणं, भोकं, बाक, वेल्डिंग अशा चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर शंभरातले ९७ नग नीट निघतात असं धरू, शिकाऊ हातांसाठी हा आकडा उदारच आहे. ०.९७ चारदा गुणला की ०.८८५ येतो. म्हणजे साठ चांगले नग हाती यायला अडुसष्ट सुरू करावे लागतात. मग तिसऱ्या पट्टीत ४३४ मिमीच उरतात, गसेटचे चौकोन लागतात चौतीस, आणि तिन्ही पट्ट्यांचे उरलेले तुकडे मिळून निघतात अठरा. चौथी पट्टी आली! इथे वर्गात खरी चर्चा सुरू होते. भोक चुकलेल्या पट्ट्यांच्या कोऱ्या भागातून गसेट काढता येतील का? येतील, पण मग गसेट कापायचं काम भोकांनंतर ठेवावं लागेल. भोकांसाठी जिग (भोक नेमक्या जागी पाडून देणारा साचा) केला तर रिजेक्शन किती खाली येईल? जिगला लागणारा वेळ कोणत्या खात्यावर टाकायचा? धाडस, चिकाटी वगैरे गुण असतीलच, ते अशाच प्रश्नांत दिसतात.

वेळेचा हिशेब मालापेक्षा फसवा. मुलं घड्याळ लावून एक नग करतात: कापणं दीड मिनिट, चार भोकं चार मिनिटं, बाक एक, टॅक (जागेवर धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके) आणि वेल्डिंग पाच, ग्राइंडिंग तीन. साडेचौदा मिनिटं. साठांना ८७० मिनिटं, म्हणजे साडेचौदा तास. हा आकडा कोटेशनमध्ये जातो, आणि पुढे "एवढं राबूनही काही उरत नाही" ही तक्रार सुरू होते. राहून गेलेल्या गोष्टी आम्ही त्यांच्याकडूनच लिहून घेतो: ड्रॉइंग समजून घेऊन गिऱ्हाइकाशी पक्कं करणं ४५ मिनिटं, माल आणणं ९०, स्टॉपर आणि जिग लावणं ६०, कोटिंगला नेणं-आणणं १२०, तपासणी आणि मापांचा तक्ता ४०, पॅकिंग ६०, बिल आणि पाठपुरावा ६०. एकूण ४७५ मिनिटं. म्हणजे मशीनपुढच्या वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ मशीनपासून दूर जातो. हे आकडे कामाप्रमाणे बदलतील, पण रकाना कधीच रिकामा राहत नाही.

वेल्डिंगलाही तेच लागू. हाताने स्टिक वेल्डिंग करताना प्रत्यक्ष आर्क पेटलेला असतो तो एकूण वेळेच्या साधारण २० ते ३० टक्के. बाकी वेळ जुळवणं, इलेक्ट्रोड (वेल्डिंगची कांडी) बदलणं, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) काढणं यात जातो. आणि एक किलो वेल्ड धातू जमा व्हायला साधारण १.६ ते १.८ किलो इलेक्ट्रोड लागतात: थोटूक टाकून द्यावं लागतं, फ्लक्सचा स्लॅग होतो, काही भाग शिंतोड्यांत उडतो.

मग तासाचा दर. भाडं, वीज, मशीनची झीज, देखभाल, विमा, मालकाचा स्वतःचा पगार, या सगळ्यांची वर्षाची बेरीज करून तिला तासांनी भागायचं. प्रश्न असतो कोणत्या तासांनी. वर्षाचे ३०० दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे २४००. पण बिलात लावता येतील असे तास नव्या वर्कशॉपला ६० टक्के मिळाले तरी पुष्कळ, म्हणजे १४४०. २४०० ने भागणाऱ्याचा खर्च वर्षाअखेर ६० टक्केच भरून निघतो, उरलेला पदरमोड करून. मालकाचा पगार तर मुलं हटकून विसरतात. "मी स्वतःच करतोय, त्याचे कसले पैसे?" असं ऐकू आलं की आम्ही एवढंच विचारतो: उद्या तुझा हात दुखावला आणि दुसऱ्याला लावावं लागलं, तर तो फुकट येईल का?

कोटिंगचा दर क्षेत्रफळावर काढा, दोन्ही बाजू आणि कडा धरून. साठ नगांचं सगळं मिळून दीड चौरस मीटरही भरत नाही. म्हणून कोटिंगवाल्याला आधी किमान लॉटचा दर विचारावा. एवढ्या छोट्या कामाला तोच लागतो, क्षेत्रफळाचा दर नाही.

शेवटी नफा आणि सूट. शंभर खर्चावर वीस चढवले की मुलं म्हणतात वीस टक्के नफा. विक्री १२० ची, त्यात २० म्हणजे १६.७ टक्के. गिऱ्हाइकाने दहा टक्के सूट मागितली आणि भिडेपोटी दिली की विक्री १०८ वर येते, हाती उरतात ८. तेवढेच वीस मिळवायला आता अडीचपट माल करावा लागेल. हे गणित फळ्यावर न मांडता आम्ही घासाघिशीच्या सरावातच करायला लावतो: एक निदेशक गिऱ्हाईक होतो आणि शेवटपर्यंत सूट मागत राहतो. दर खाली आणायचाच असेल तर बदल्यात काहीतरी काढून घ्यायचं, हे तिथे शिकवावं लागतं. सूट हवी तर पोच तुमच्याकडे, किंवा पूर्ण पैसे आगाऊ, किंवा ग्राइंडिंग फक्त दिसणाऱ्या बाजूला.

कोटेशनच्या कागदावर दराखेरीज हेही लिहिलेलं हवं: ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती, मालाची प्रत, कोटिंगचा रंग आणि जाडी, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल), पोच कुठपर्यंत, पैसे कधी, आणि हा दर किती दिवस टिकेल. शेवटची ओळ विसरली आणि मध्येच स्टील महागलं की व्यवहार आतबट्ट्याचा होतो.

बनवताना

इथे कसबाचे तास मुलांनी आधीच केलेले असतात, त्यामुळे थोडक्यात. प्रत्येक लॉटसोबत एक कार्ड फिरतं: पायरी, करणाऱ्याची सही, चांगले किती, बाद किती, का. पहिला नग पूर्ण करून, मोजून, शक्य तर गिऱ्हाइकाला दाखवून मगच दुसरा. ड्रॉइंगवर टॉलरन्स दिला नसेल तर मशीनवर केलेल्या मापांसाठी आयएसओ २७६८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा मध्यम वर्ग धरतो: ६ ते ३० मिमीला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३, १२० ते ४०० ला ±०.५. वेल्ड केलेल्या सांगाड्यांना आयएसओ १३९२० वेगळं आहे आणि बरंच सैल आहे. हे कोटेशनमध्ये लिहून ठेवलं नाही, तर माल पोचल्यावर वाद होतो.

ब्रॅकेटमध्ये नेमकं काय बिघडतं? गसेटच्या एकाच बाजूला वेल्ड ओढला की थंड होताना कोन आत खेचला जातो आणि नव्वद अंश राहत नाही. दोन्ही बाजूंना आधी टॅक मारून, क्लॅम्पमध्ये धरून, आळीपाळीने वेल्ड केला की ओढ बरीच कमी होते. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन. तो भोकाच्या आतही बसतो, त्यामुळे व्यास ०.१२ ते ०.१६ मिमीने घटतो. एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टला ९ मिमीचं भोक ठेवलं असेल तर काही बिघडत नाही; ८.२ ठेवलं असेल तर साठही नग भोक मोठं करायला पुन्हा रीमरखाली येतात. स्लॅग आणि शिंतोडे नीट काढले नाहीत तर कोटिंग तिथेच सुटतं. आणि कोटिंगवाला नग कुठल्या तरी भोकात हूक घालून टांगतो, तिथे डाग राहतो. कोणतं भोक चालेल हे आधी खडूने दाखवून द्यायचं.

वही आणि वसुली

हिशेबासाठी संगणकाच्या तक्त्याआधी आम्ही हातवही ठेवतो: रोजकीर्द, देणेकऱ्यांचं पान (ज्यांना पैसे द्यायचे), येणेकऱ्यांचं पान (ज्यांच्याकडून पैसे यायचे), आणि मालाचा साठा. नोंद त्याच दिवशी. वर्कशॉपचा गल्ला आणि खिसा वेगळा ठेवायचा, हा नियम सगळ्यात आधी मोडतो: बसभाड्यापुरते पैसे घेतले, उद्या टाकतो म्हटलं, आणि महिनाअखेर रोख जुळत नाही. जोवर जुळत नाही तोवर पुढचं काम नाही, एवढं कडक राहावं लागतं.

नफा आणि रोकड हे निरनिराळे आकडे आहेत, हे पटायला तारखांचा कागद लागतो. माल आणला तो पहिला दिवस. पंधराव्या दिवशी पोचवला. विसाव्या दिवशी बिल मंजूर. अट साठ दिवसांची, म्हणजे पैसे ऐंशीव्या दिवशी. दर महिन्याला असं एक काम घेतलं तर पहिल्याचे पैसे यायच्या आत तिसऱ्या कामाचा माल विकत घ्यावा लागतो. म्हणजे जवळपास तीन कामांचं भांडवल कायम अडकलेलं. मागणी वाढली म्हणून वर्कशॉप बुडतं ते असं, आणि नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही. आगाऊ रक्कम, पुरवठादाराकडून थोडी उधारी, किंवा छोटे लॉट आणि दर लॉटला बिल, हे तीनच मार्ग हातात असतात. यातला शेवटचा मुलांना सगळ्यात लवकर जमतो.

वसुलीचा फोन कसा करायचा याचाही सराव लागतो. "पैसे कधी देता?" असं विचारलं की "बघतो" हे उत्तर येतं. बिल क्रमांक, तारीख, रक्कम सांगायची, मालाबद्दल काही तक्रार आहे का ते आधी विचारायचं, नसेल तर तारीख मागायची, आणि फोन ठेवल्यावर ती लेखी कळवायची. तक्रार आधी विचारण्याचं कारण साधं आहे: पैसे अडवणारा बरेचदा मनात एखादी उणीव धरून बसलेला असतो, आणि ती निस्तरेपर्यंत बिल हलत नाही.

उद्या हे काम राहील का

कारखानदारी बदलतेय, हे वाक्य मुलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कानावरून जातं. म्हणून आम्ही त्यांना वस्तूऐवजी प्रक्रियांची यादी करायला लावतो. "मी सायलेन्सरचे पाइप जोडतो" असं लिहिलं तर विजेवरच्या गाड्या वाढल्या की काम आटलं, कारण तिथे सायलेन्सर, क्लच, इंधनाचा पंप यांपैकी काहीच लागत नाही. "मी पातळ नळ्या गळती न होता जोडतो" असं लिहिलं तर शीतकरणाच्या वाहिन्या, बॅटरीचे खोके, यंत्रांच्या चौकटी अशी दारं दिसायला लागतात.

दारं दिसतात, पण ती सहज उघडत नाहीत. बॅटरीचे खोके बरेचदा ॲल्युमिनियमचे. तो धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणून एसी टिग (उलटसुलट विद्युतप्रवाहावरचं टिग वेल्डिंग), स्वच्छ घासलेली कड आणि वेगळा ब्रश लागतो. स्टीलवर वापरलेला ब्रश इथे चालत नाही. विजेवरच्या गाड्यांच्या दुरुस्तीकडे जाणाऱ्यांना तर आधी धोका शिकवावा लागतो. ६० व्होल्टच्या वरची डीसी घातक धरतात, आणि प्रवासी गाड्यांच्या बॅटऱ्या साधारण ४०० व्होल्टच्या घरात असतात. योग्य वर्गाचे इन्सुलेटेड हातमोजे, बॅटरी वेगळी करायची पद्धत आणि व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री, एवढं अंगवळणी पडेपर्यंत स्वतःच्या गॅरेजच्या पाटीचं स्वप्न बाजूला ठेवायचं.

थ्रीडी प्रिंटरबद्दल मुलांना फार कौतुक. विकायची वस्तू छापण्यापेक्षा ड्रिलिंगचा जिग, मोजणीचं गेज, वाकवण्याचा साचा छापायला तो जास्त कामाचा. फक्त पीएलए या प्रिंटरच्या प्लास्टिकचा जिग वेल्डिंगजवळ नेऊ नये, साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो.

सीएनसीचं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनचं, गणित तर पुन्हा कोटेशनमध्येच येतं. सेटिंगला ९० मिनिटं आणि एका नगाला ३ मिनिटं असतील, तर पाच नगांच्या लॉटमध्ये एक नग २१ मिनिटांना पडतो आणि दोनशेच्या लॉटमध्ये ३.४५ मिनिटांना. दोन्हीला एकच दर देणारा एका बाजूला बुडतो आणि दुसऱ्या बाजूला काम गमावतो. म्हणून संख्येच्या टप्प्यांप्रमाणे दर द्यायचे. तसंच लेझर कटिंग, बेंडिंग यांची मशीनं कर्ज काढून घेण्याची घाई नको. बाहेरून करून घेता येतं, आणि महिन्याला किती तास बाहेर जातात याची नोंद ठेवली की आपली मशीन केव्हा परवडेल ते वहीच सांगते. आमच्या मते नव्या वर्कशॉपची सगळ्यात महागडी चूक रिकामी उभी असलेली स्वतःची मशीन, आणि दुसरी म्हणजे निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाकडून घेणं.

निदेशक, मूल्यमापन आणि त्यानंतर

जर्मनीत माइस्टर, म्हणजे प्रमाणित उस्ताद कारागीर, होण्याच्या परीक्षेचे चार भाग आहेत: प्रत्यक्ष काम, त्यामागचं शास्त्र, व्यवसायाचा हिशेब व कायदा, आणि शिकाऊंना शिकवण्याची पद्धत. कसब आणि खतावणी एकाच परीक्षेत, हे आम्हाला पटतं. तिथेही यावर वाद झालेच. २००४ मध्ये ५३ व्यवसायांत स्वतःचं वर्कशॉप काढायला माइस्टरची अट काढून टाकली, आणि २०२० मध्ये त्यांपैकी १२ व्यवसायांत, फरशी बसवणाऱ्यांसह, ती पुन्हा आणली. प्रवेश सोपा करावा की तयारी पक्की करावी, हा प्रश्न कुठेच सुटलेला दिसत नाही.

आपल्याकडे लगेच करण्यासारखं म्हणजे निदेशकाने स्वतः एक कोटेशन काढून ते खऱ्या वर्कशॉपमालकाकडून तपासून घेणं. बहुतेक निदेशक उत्तम कारागीर असतात, पण दर काढायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आलेली असते. मालकाला वर्गात भाषणाला बोलावू नका. यशाची गोष्ट सांगून तो निघून जाईल. त्याला मुलांची कोटेशनं लाल पेनाने तपासायला बसवा. तासाभरात तो पाचसात राहून गेलेले खर्च दाखवतो.

गुण देताना नफ्याला गुण नाहीत. नफ्याला गुण ठेवले की मुलं वेळेची नोंद खोटी करतात, किंवा काकांनाच गिऱ्हाईक करून आणतात. गुण आहेत ते अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीच्या नोंदीला: माल किती धरला, किती लागला, मिनिटं किती धरली, किती गेली, आणि फरक का पडला याच्या एका ओळीला. तफावत मोठी असली तरी कारण नेमकं असेल तर पूर्ण गुण. तोट्यात गेलेलं काम नीट मांडणाऱ्या जोडीला वरचे गुण मिळतात, तेव्हा बाकीच्यांच्या वह्या एकदम खऱ्या व्हायला लागतात.

सगळ्यांनी लगेच वर्कशॉप काढावं असा आग्रह नसावा. बहुतेकांनी आधी दोनेक वर्षं छोट्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं बरं. मोठ्या कारखान्यात कोटेशनचा कागद कारागिरापर्यंत येतच नाही. जे लगेच सुरू करतात त्यांच्यासाठी संस्थेने निदान तीन गोष्टी उघड्या ठेवाव्यात: संध्याकाळी ठरलेल्या तासदराने मशीन, मोजणीची साधनं तपासून घेण्याची सोय, आणि सहा महिन्यांनी वही घेऊन एकदा येण्याची सक्ती. त्या भेटीत पाहायचं ते येणेकऱ्यांचं पान. नव्वद दिवसांवरची बाकी कोणाकडे आणि का आहे, आणि त्याच गिऱ्हाइकाचं नवं काम हातात घेतलंय का, एवढं विचारलं तरी पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज येतो.